फर्निचर कारखाना दिवाळखोरीत गेला, नोकरी गेली: कोकणातल्या कामगारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटे, खेर्डी, मिरजोळे, महाड, कुडाळ अशा औद्योगिक वसाहतींत सोफे, मॉड्युलर किचन, ऑफिसची टेबले आणि शाळांची बाके बनवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी ही माहिती आहे. सुतार, पॉलिशवाले, गादीकाम करणारे, पॅनेल सॉ आणि एज बँडर चालवणारे, पॅकिंगच्या बायका, हेल्पर या सगळ्यांना ती लागू पडते. कंपनी बुडाली की कामगाराचे जे पैसे जातात, त्यांतले बरेचसे कायद्यात हक्क नसल्यामुळे जात नाहीत. दावा वेळेत न भरल्यामुळे जातात. म्हणून खाली तारखा, फॉर्म आणि कागद यांवर जास्त भर दिला आहे.

गेटला कुलूप लागले. पहिल्या आठवड्यात काय करायचे?

तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढा. नेमणूक पत्र, पगाराच्या पावत्या, हजेरी कार्ड, ओळखपत्र, ओव्हरटाइमच्या चिठ्ठ्या, बोनसची पावती, बँकेचे पासबुक, काहीही सोडू नका. हजेरी किंवा शिफ्ट कळवण्यासाठी कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप असेल तर त्यातून बाहेर पडू नका आणि जुने मेसेज पुसू नका. ग्रुप बंद होण्याआधी चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा. अॅपवर पगारपत्रक दिसत असेल तर त्याच दिवशी उतरवून घ्या, कारण कंपनीने सॉफ्टवेअरचे पैसे भरणे थांबवले की लॉगिन बंद होते.

मग सगळ्यांनी मिळून एक यादी करा. तिच्यात नाव, खाते, कामाला लागल्याची तारीख, शेवटचा दिवस, शेवटचा पगार, किती महिने थकले आणि यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) एवढे पुरे. पुढच्या जवळपास प्रत्येक कामात ही यादी लागते. परप्रांतीय कारागीर गावी परतण्याआधी त्यांची माहिती आणि फोन नंबर घेऊन ठेवा. एकदा गाडी धरली की त्यांची सही मिळवायला महिने जातात.

त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेल्याची नोंद राहत नाही.

कंपनी खरोखर दिवाळखोरीत गेली आहे, की मालकाने नुसती बंद ठेवली आहे?

दोन्हींत मोठा फरक आहे. कारखाना बंद असला तरी कंपनी जिवंत असते आणि थकबाकी मालकाकडूनच वसूल करायची असते. कायद्याने दिवाळखोरी सुरू झाली म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, अर्ज दाखल करून घेतला. महाराष्ट्रातल्या कंपन्यांचे काम मुंबई खंडपीठाकडे असते. त्या दिवसापासून कारभार संचालकांच्या हातातून जातो आणि अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल नावाची नेमलेली व्यक्ती तो पाहते. पुढे यांना आपण ‘व्यवस्थापक’ म्हणू.

नेमणुकीनंतर तीन दिवसांत व्यवस्थापकाला जाहीर सूचना काढावी लागते. ती एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वृत्तपत्रात येते. पण कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय मुंबईत असेल तर सूचना मुंबईच्या आवृत्तीतही येऊ शकते आणि रत्नागिरीच्या माणसाच्या नजरेला पडत नाही. म्हणून पेपरवर विसंबू नका. दिवाळखोरी मंडळाच्या, म्हणजे आयबीबीआयच्या संकेतस्थळावर जाहीर सूचनांच्या विभागात कंपनीचे नाव टाकून दर आठवड्याला शोधा. नाव पगाराच्या पावतीवर छापलेले असते तसेच टाका. गेटवरच्या पाटीवर ब्रँडचे नाव असते आणि कंपनीचे नाव वेगळेच असते, असे फर्निचरच्या धंद्यात फार होते.

बँकेने गेटवर नोटीस चिकटवून ताबा घेतला असेल, तर ती कर्जवसुलीची कारवाई असते. ती दिवाळखोरी नव्हे.

मालक म्हणतो, राजीनामा लिहून द्या, मग हिशेब करतो. द्यावा का?

देऊ नका. राजीनामा दिला की तुम्ही स्वतःहून गेलात असे ठरते. कामगार कपातीची किंवा कारखाना बंदची भरपाई हातून जाते आणि ईएसआयचा (कामगार राज्य विम्याचा) बेकारी भत्ताही नाकारला जातो. कोऱ्या कागदावर, कोऱ्या व्हाउचरवर किंवा ‘सर्व हिशेब पूर्ण मिळाला’ अशा मजकुरावर सही करू नका. काही रक्कम मिळत असेल तर जरूर घ्या, पण सहीशेजारी ‘अमुक महिन्याच्या पगारापोटी एवढे रुपये मिळाले, बाकी येणे आहे’ असे स्वतःच्या हाताने लिहा आणि त्याचा फोटो काढा.

रात्री व्हॉट्सॲपवर मेसेज आला की उद्यापासून येऊ नका. एवढ्याने नोकरी जाते का?

कारखाना बंद करायचा तर ६० दिवस आधी सरकारला सूचना द्यावी लागते. ५० पेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी ही अट नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे ३०० किंवा जास्त कामगार असतील तर सरकारची आगाऊ परवानगीच लागते. मेसेज म्हणजे सूचना नव्हे. तरीही तो जपून ठेवा. तुम्हाला काढले हे, आणि कोणत्या तारखेला काढले हे, दाखवणारा पुरावा तोच आहे.

असे दुसरीकडेही घडले आहे. अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात सोफे बनवणाऱ्या युनायटेड फर्निचर इंडस्ट्रीजने नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे २,७०० कामगारांना रात्री मेसेज आणि ईमेल पाठवून काढले. तिथेही मोठ्या कंपन्यांना ६० दिवसांच्या सूचनेचा कायदा आहे आणि कामगार त्याच मुद्द्यावर कोर्टात गेले.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ‘परिस्थिती आमच्या हाताबाहेर होती’ असे सांगून मालक भरपाई तीन महिन्यांच्या सरासरी पगारावर अडवू पाहतो. पण नुसता तोटा, पैशाची अडचण किंवा गोदामात न विकलेला माल साचणे ही ‘हाताबाहेरची परिस्थिती’ धरता येत नाही, असे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होते आणि नव्या संहितेतही आहे. फर्निचरच्या कंपन्या बहुतेक वेळा याच कारणांनी बंद पडतात. तेव्हा भरपाई नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांच्या सरासरी पगाराप्रमाणेच मागा. वर उरलेले महिने सहापेक्षा जास्त असतील तर तेही एक वर्ष धरा.

दावा कसा भरायचा?

कामगार आणि कर्मचाऱ्यांसाठी फॉर्म डी आहे. तो आयबीबीआयच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो आणि भरायला कसलीही फी नाही. कोणी ‘दावा लावून देतो, शेकडा इतके घेईन’ म्हणत असेल तर त्याला वाटेला लावा.

फॉर्ममध्ये नाव, ओळखपत्राचा क्रमांक, पत्ता, ईमेल, एकूण येणे, ते कशापोटी आणि केव्हापासून, जोडलेले कागद आणि बँक खाते एवढे लिहायचे असते. ईमेल नसेल तर मुलाचा किंवा शेजाऱ्याचा देऊ नका, नवीन उघडा. पुढची सगळी उत्तरे त्याच पत्त्यावर येतात आणि ती दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये पडून राहतात. बँक खाते चालू आहे ना, हेही पाहा. कंपनीने उघडून दिलेले पगार खाते पगार थांबल्यावर कधीकधी निष्क्रिय होते आणि मंजूर झालेली रक्कम परत जाते.

पुष्कळ कामगार असतील तर एक अधिकृत प्रतिनिधी सगळ्यांच्या वतीने फॉर्म ई भरू शकतो. आमच्या मते तीसपेक्षा जास्त लोक असतील तर हाच मार्ग बरा. व्यवस्थापकालाही एकाच माणसाशी बोलणे सोपे जाते. मात्र प्रत्येकाचा आकडा आणि पुरावा वेगवेगळा जोडा. ‘१२० कामगारांचे मिळून इतके लाख’ एवढेच लिहिलेले दावे तपासणीत अडकतात.

फॉर्म सूचनेत दिलेल्या ईमेलवर पाठवा आणि त्याची प्रत स्पीड पोस्टनेही पाठवा. पोस्टाची पावती पासबुकाला लावून ठेवा.

मुदत किती? ती चुकली तर?

व्यवस्थापकाच्या नेमणुकीपासून साधारण १४ दिवस. नेमकी शेवटची तारीख जाहीर सूचनेत लिहिलेली असते. ती चुकली तरी हातपाय गाळू नका. दिवाळखोरी सुरू झाल्यापासून ९० दिवस, किंवा खरेदीदारांकडून कंपनी वाचवण्याची योजना मागवण्याची सूचना निघेपर्यंत, यांतली जी तारीख नंतरची असेल तोवर उशिराचे कारण लिहून दावा देता येतो. त्यानंतर एनसीएलटीपुढे अर्ज करून विनवणी करावी लागते.

उशीर का महाग पडतो ते समजून घ्या. १३ एप्रिल २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम मिश्रा प्रकरणात ठरवले की योजना मंजूर झाली की तिच्यात नसलेली जुनी देणी संपतात. नवा मालक कारखाना सुरू करतो, तुम्हाला कामावरही घेतो, पण जुना पगार मागायला गेलात तर तो देणे लागत नाही. हंगामात आंब्याच्या बागेत होतो, गणपतीत गावी होतो, सूचना पाहिलीच नाही, ही कारणे माणूस म्हणून पटतात. कायद्याला पुरत नाहीत.

कंपनी विकली न जाता तिचे लिक्विडेशन सुरू झाले, म्हणजे मालमत्ता विकून वाटणी करायची ठरली, तर लिक्विडेटर वेगळी जाहिरात काढतो. तिच्यात नव्याने दावा मागवला असेल तर पुन्हा भरा. ‘मागेच भरला आहे’ म्हणून बसू नका. आकडाही त्या तारखेपर्यंतचा द्या.

येणे असलेला आकडा कसा काढायचा?

थकलेला पगार, ओव्हरटाइम, शिल्लक रजेचे पैसे, बोनस, नोटिशीचा पगार, कपात किंवा बंदची भरपाई आणि ग्रॅच्युइटी. प्रत्येकाची वेगळी ओळ करा. सगळे एका बेरजेत मिसळलेत तर एका बाबीवर शंका आली की पूर्ण दावा लांबतो.

ग्रॅच्युइटीचे गणित असे. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १४,३०० रुपये असेल तर त्याला २६ ने भागा, ५५० येतात. त्याला १५ ने गुणा, ८,२५०. नोकरी नऊ वर्षे असेल तर ७४,२५० रुपये. सलग पाच वर्षांची अट कायम नोकरीला आहे. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या सामाजिक सुरक्षा संहितेप्रमाणे एका वर्षानंतरही हक्क मिळतो. कमाल मर्यादा २० लाख रुपये आहे.

इथे एक अडचण नेहमी येते. पुष्कळ कारखाने मूळ पगार कमी दाखवून बाकीचे प्रवास, धुलाई, प्रोत्साहन अशा भत्त्यांत टाकतात. पगाराच्या नव्या व्याख्येप्रमाणे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरचा भाग पगारातच मोजला जातो. तुमची नोकरी २१ नोव्हेंबर २०२५ नंतर सुटली असेल तर आकडा याप्रमाणे पुन्हा करून पाहा.

नेमणूक पत्रच दिले नव्हते. आणि होते ते पुरात गेले.

जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये घरोघरचे कागद वाहून गेले आणि जे वाचले त्यांना बुरशी लागली. तरी दावा होतो. बँकेचे स्टेटमेंट घ्या, त्यात पगार जमा झाल्याच्या ओळी कंपनीच्या नावासकट असतात. यूएएनचे पासबुक उतरवा, त्यात महिनावार पगाराचा आकडा दिसतो आणि नोकरीचा काळ आपोआप सिद्ध होतो. ईएसआयच्या नोंदीतही तसेच. या तिन्हींपैकी काहीच नसेल, म्हणजे पगार रोखीत मिळत असेल, तर ओळखपत्र, गेटपास, माल पोचवल्याच्या चलनावरची तुमची सही, सुपरवायझरचे कामाचे मेसेज आणि दोन सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा. कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकात तुमचे नाव असते, तेव्हा ‘आपल्या ताब्यातील हजेरी आणि पगार नोंदी तपासाव्यात’ असे व्यवस्थापकाला लेखी लिहा.

मी नगावर काम करायचो. मी ठेकेदाराचा माणूस होतो. आम्हाला काही आहे का?

नगावर काम करणाऱ्याला आहे. वेळेवर आणि नगावर अशा दोन्ही प्रकारच्या कामाचे वेतन कामगारांच्या देण्यात मोडते, हे कंपनी कायद्याच्या कलम ३२६ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. किती खुर्च्या विणल्या, किती दारे पॉलिश केली याची तुमची वही असेल तर ती पुरावा म्हणून जोडा. वहीवर सुपरवायझरची सही असेल तर फारच उत्तम.

ठेकेदाराच्या कामगाराने आधी ठेकेदाराकडे लेखी मागणी करावी. ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ कंपनी जबाबदार असते. म्हणून दावा व्यवस्थापकाकडेही द्या आणि ठेकेदाराचे नाव, परवाना, कामाची जागा लिहा. ठेकेदाराचे स्वतःचे बिल थकले असेल तर तो फॉर्म बी भरतो. त्याने आपल्या दाव्यात तुमचा पगार धरला आहे का, हे विचारून घ्या. एकच रक्कम दोनदा आली तर दोन्ही दावे थांबतात.

शेवटी हातात किती पडतील?

लिक्विडेशनमध्ये मालमत्ता विकून आलेल्या पैशांतून आधी प्रक्रियेचा खर्च पूर्ण जातो. दुसऱ्या पायरीवर कामगारांचे मागच्या २४ महिन्यांचे येणे आणि आपले तारण सोडून दिलेल्या बँका एकाच रांगेत, बरोबरीने असतात. तिसऱ्या पायरीवर ‘कामगार’ व्याख्येत न बसणाऱ्या कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे येणे. त्याखाली विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी कर, आणि सगळ्यांत शेवटी भागधारक.

समजा शेड, मशिनरी आणि माल विकून ६ कोटी आले. खर्च ६० लाख गेला, उरले ५.४ कोटी. कामगारांचे येणे ८० लाख आणि बँकेचे १० कोटी, म्हणजे एकूण १०.८ कोटी. मग रुपयाला ५० पैसे प्रत्येकाला. तुमचे ६० हजार मान्य झाले असतील तर ३० हजार मिळतील. कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांपर्यंत या उदाहरणात काहीच पोचत नाही.

फर्निचर कारखान्यात मालमत्तेची किंमत लवकर उतरते हे जुन्या कामगारांना ठाऊक असते. बंद शेडमध्ये एक पावसाळा गेला की पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफ दमटपणाने फुगतात, फेविकॉलचे ड्रम आणि पॉलिशचे डबे मुदत संपून निकामी होतात, फोमला वास धरतो. कच्चा माल लवकर विकावा, शेडच्या छपराची गळती थांबवावी, अशी लेखी विनंती व्यवस्थापकाकडे करा. तुमच्या वाट्याचा पैसाच तिथे कुजत असतो.

कालावधीबद्दल खोटी आशा नको. कंपनी वाचवण्याच्या प्रक्रियेला १८० दिवस, वाढवून २७० आणि कोर्टातला वेळ धरून ३३० दिवस अशी मुदत कायद्यात आहे. व्यवहारात ती पुष्कळदा ओलांडली जाते. त्यानंतर लिक्विडेशन झाले तर आणखी वर्षे जातात.

पीएफचे पैसेही या वाटणीत जातात का?

नाही. पीएफ, पेन्शन फंड आणि ग्रॅच्युइटी फंडातले कामगारांचे पैसे लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरलेच जात नाहीत. दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६ मध्ये तसे लिहिले आहे. एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये तेच सांगितले. जेट एअरवेजच्या कामगारांची पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी, हा अपील न्यायाधिकरणाचा निर्णयही जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला. ग्रॅच्युइटीचा मात्र एक पेच आहे. कंपनीने त्यासाठी एलआयसीसारख्या ठिकाणी फंड केलाच नसेल तर वाद होतो. तेव्हा फंड होता का, हे व्यवस्थापकाला लेखी विचारा आणि दाव्यात ग्रॅच्युइटीची ओळ ठेवाच.

खात्यात आधीच जमा असलेले पैसे काढायला कंपनी चालू असण्याची गरज नाही. अडचण येते ती नोकरी सोडल्याच्या तारखेची, कारण ती भरणारा कार्यालयातला माणूसच राहिलेला नसतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाले की यूएएनच्या पोर्टलवर ती तारीख तुम्हाला स्वतः टाकता येते. आधार, पॅन आणि बँक खाते जोडलेले हवे. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने दावे परत येतात, तेव्हा आधी तो दुरुस्त करा.

बेकार झाल्यावर शिलकीचा ७५ टक्के भाग आधी काढता येतो, उरलेल्यासाठी थांबावे लागते. आमचा आग्रह असा की नवी नोकरी लागण्याची शक्यता असेल तर पेन्शनचा भाग काढू नका, योजना प्रमाणपत्र घ्या. दहा वर्षांची सेवा भरली की ५८ व्या वर्षी पेन्शन सुरू होते. सात वर्षांवर पैसे काढून घेतले तर ती सात वर्षे गेली.

पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर एरवी कर लागतो. पण धंदा बंद पडल्यामुळे नोकरी गेली असेल तर तो लागत नाही. दिवाळखोरीच्या सूचनेची प्रत जपून ठेवा, कर सल्लागाराला ती दाखवावी लागते.

पगारातून पीएफ कापला, पण पासबुकात जमाच नाही.

फार गंभीर बाब आहे ही. प्रत्येक महिन्याची वर्गणी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. पगाराच्या पावत्या आणि पासबुक समोरासमोर ठेवून कोणते महिने गायब आहेत त्यांची यादी करा आणि पीएफच्या तक्रार पोर्टलवर टाका. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हे शिबिर असते, तिथे अधिकारी समोर भेटतात. चौकशीचा फोन १४४७० आहे. पीएफ कार्यालय स्वतःही व्यवस्थापकाकडे दावा लावते, पण त्यांच्याकडे महिन्यांचा तपशील नसेल तर आकडा अंदाजाने जातो. कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणे हा फौजदारी गुन्हा आहे आणि दिवाळखोरीच्या काळात कंपनीविरुद्धच्या दाव्यांना आणि वसुलीला मिळणारी स्थगिती संचालकांना वाचवत नाही.

ईएसआय कापले जात होते. बेकारी भत्ता मिळतो का?

मिळू शकतो. दोन योजना आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत सरासरी रोजच्या कमाईच्या ५० टक्के, जास्तीत जास्त ९० दिवस, आयुष्यात एकदाच. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडणे किंवा कपात यांसाठीच आहे. तिच्यात २४ महिन्यांपर्यंत भत्ता मिळतो, पहिले १२ महिने ५० टक्के आणि पुढचे १२ महिने २५ टक्के, शिवाय त्या काळात औषधोपचार. कारखाना बंद पडलेल्याने आधी दुसरीची विचारणा करावी. वर्गणीच्या अटी आणि योजनेची चालू मुदत शाखा कार्यालयात तपासा. बंदचा पुरावा म्हणून एनसीएलटीचा आदेश किंवा कामगार कार्यालयाचे पत्र न्या. घरात आजारी माणूस असेल तर हे काम सर्वांत आधी करा.

व्यवस्थापकाने अर्धवट ऑर्डर पूर्ण करायला बोलावले आहे. जावे का?

जावे. प्रक्रिया चालू असताना प्रत्यक्ष केलेल्या कामाचा पगार हा प्रक्रियेचा खर्च धरला जातो आणि तो सगळ्यांच्या आधी, पूर्ण मिळतो. पण बोलावणे लेखी घ्या आणि हजेरीवर रोज सही करा. घरी बसलेल्या दिवसांना हा फायदा नाही.

माझी हत्यारे आत अडकली आहेत.

रंधे, पटाशा, करवती, ड्रिल, राउटर हे तुमचे असतील तर ते कंपनीच्या मालमत्तेत येत नाहीत. दुसऱ्याच्या मालकीची, फक्त कंपनीच्या ताब्यात असलेली वस्तू विकता येत नाही. मात्र लिलावाची यादी झाली की शोधणे कठीण. म्हणून लगेच व्यवस्थापकाला यादी पाठवा. तिच्यात हत्यार, बनावट, खूण, कोणत्या कपाटात आहे, आणि बिल किंवा कामाच्या वेळचा फोटो असू द्या. मशीनचा अनुक्रमांक पेटीवर असतो, पेटी घरी असेल तर त्याचा फोटो जोडा. ताबा घेताना दोन साक्षीदार न्या आणि पोचपावतीवर सही करा. कुलूप तोडून आत जाऊ नका, चोरीचा गुन्हा तुमच्यावर लागतो.

पतसंस्थेचा हप्ता पगारातून कापला जायचा. संस्था आता जामीनदारांच्या मागे लागली आहे.

पगाराच्या पावतीवर कपात दिसते, पण संस्थेकडे भरणा नाही, असे महिने शोधा. ती रक्कम तुमच्या दाव्यात वेगळ्या ओळीत येऊ शकते. पावत्यांच्या प्रती संस्थेला देऊन हप्ते पुनर्बांधणीसाठी अर्ज करा. जामीनदाराला नोटीस जाण्याआधी अर्ज पोचला तर संचालक मंडळ ऐकून घेते, नंतर प्रकरण वसुली अधिकाऱ्याकडे जाते.

आमचा कारखाना कंपनी नव्हता, मालकाच्या नावावर होता.

मग वरची एनसीएलटीची वाट तुमची नाही. ती कंपन्या आणि एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) यांच्यासाठी आहे. एकट्या मालकाच्या किंवा भागीदारीच्या पेढीत मालक वैयक्तिकरीत्या जबाबदार असतो, घर आणि जमिनीसकट. पगार, ग्रॅच्युइटी आणि भरपाईसाठी कामगार कार्यालयात अर्ज करा. वेतन संहितेप्रमाणे नोकरी संपल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता व्हायला हवा. तालुक्याच्या गावात मालक ओळखीचा असतो आणि ‘देईन रे’ वर वर्ष निघते. अर्ज देऊनही संबंध टिकतात.

वकिलाला पैसे नाहीत.

औद्योगिक कामगाराला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असले तरी मोफत कायदेशीर मदत मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण जिल्हा न्यायालयाच्या आवारात असते, म्हणजे रत्नागिरी, अलिबाग किंवा सिंधुदुर्गात ओरोस. फोन १५१००. दावा नाकारला गेला तर ही मदत मागायला वेळ लावू नका, कारण लिक्विडेटरच्या निर्णयाविरुद्ध एनसीएलटीत जायला फक्त १४ दिवस असतात.

तोवर पोट कसे भरायचे?

कोकणात सुताराला काम असते, पण ते हंगामाने चालते. फेब्रुवारीपासून आंब्याच्या पेट्या, मे महिन्यात आणि गणपतीआधी चाकरमान्यांच्या घरांची दारे, खिडक्या, किचन, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्यांची डागडुजी. मॉड्युलर कारखान्यातून आलेल्याला साइटवर मोजमाप घेऊन बसवण्याचे काम जमते आणि त्याला मागणी आहे.

साइटवर वर्षात ९० दिवस काम झाले की राज्याच्या बांधकाम कामगार मंडळात नोंदणी करता येते. स्वतःचा धंदा करणाऱ्या सुतारासाठी पीएम विश्वकर्मा योजनेत १५,००० रुपयांचे अवजार व्हाउचर आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, मग २ लाख कर्ज अशी तरतूद आहे. घरातल्या एकालाच मिळते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे काम येत असेल तर खेळणी बनवणारे हा त्यात वेगळा व्यवसाय आहे.

आखातात सुतारकामाला पाठवणारा एजंट भेटला तर परदेशी नोकरीसाठीच्या सरकारी ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी पाहा. पासपोर्ट त्याच्याकडे ठेवू नका आणि पर्यटक व्हिसावर जाऊ नका.

मी कामगार नाही. मी लाकूड पुरवले होते, किंवा सोफ्याचे आगाऊ पैसे दिले होते.

वखारवाले, टेम्पोवाले, फोम आणि हार्डवेअरचे पुरवठादार यांनी फॉर्म बी भरावा, सोबत बिले आणि माल पोचल्याची चलने. आगाऊ रक्कम दिलेल्या ग्राहकाने फॉर्म बी भरायचा की ‘इतर’ येणेकऱ्यांसाठीचा फॉर्म एफ, हे व्यवस्थापकाला विचारून घ्यावे आणि पावती जोडावी. तुमचे फर्निचर तयार होऊन शेडमध्ये पडले असेल आणि पूर्ण पैसे दिले असतील, तर ते कंपनीचे की तुमचे हा मुद्दा लेखी मांडा, सोबत ऑर्डर क्रमांक आणि मालावर लावलेल्या लेबलचा फोटो असेल तर पाठवा. पुरवठादार आणि ग्राहक रांगेत कामगारांच्या बरेच खाली असतात.